दोनशे सत्तावन्नाव्या नावानंतर

दिवाळी अंक आपल्या हाती पडतो तेव्हा अमेरिकेत फुटबॉलचा हंगाम ऐन भरात असतो. मंडळाच्या कार्यक्रमाची तारीख ठरवताना आता आधी सामन्यांचं वेळापत्रक पाहावं लागतं, इतका हा खेळ आपल्या घरांत शिरला आहे. चेंडू हातात धरून पळायच्या या खेळाला फुटबॉल का म्हणतात, हा प्रश्न पहिल्या पिढीतल्या आम्हा मंडळींना आजही पडतो. नातवंडं मात्र चौथ्या डाउनला काय करायला हवं होतं यावर जेवण थंड होईपर्यंत वाद घालतात.

मी मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवत असे. फुटबॉल खेळणारी मुलं जवळपास दर सत्रात माझ्या वर्गात असायची. त्यामुळे या खेळातला माझा रस सामन्यांपेक्षा याद्यांमध्ये जास्त. दोन याद्या मी दरवर्षी न चुकता पाहतो. एक एप्रिलच्या अखेरीस लागते, दुसरी ऑगस्टच्या अखेरीस. या दोन तारखांच्या मधल्या चार महिन्यांबद्दल मला लिहायचं आहे.

एप्रिलची यादी म्हणजे ड्राफ्ट. १९३६ पासून व्यावसायिक संघ कॉलेजातल्या खेळाडूंची अशी पाळीपाळीने निवड करत आले आहेत. आदल्या वर्षी सर्वांत वाईट खेळलेल्या संघाला पहिली पाळी मिळते, म्हणजे दुबळ्याला सावरायला संधी मिळावी. आज एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत आणि ड्राफ्टच्या सात फेऱ्या होतात. २०२५ साली तीन दिवसांत २५७ नावं पुकारली गेली. आपल्या पिढीला हे समजावून सांगायची गरज नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात गुणवत्ता यादी यायची, आणि ‘बोर्डात आलेल्या’ मुलाच्या घरी पेढ्यांचे पुडे आणि फोटोग्राफर एकदमच पोचायचे. फरक इतकाच, की आमची यादी झालेल्या परीक्षेची होती. ड्राफ्ट हे पुढच्या परीक्षेचं भाकीत असतं.

२५७ वं नाव पुकारून झालं की टीव्हीवरचा कार्यक्रम संपतो आणि हजारो घरांत खरी धावपळ सुरू होते. यादीत नाव न आलेल्यांपैकी ज्यांच्यावर संघांची नजर असते, त्यांचे फोन काही मिनिटांतच वाजू लागतात. करार तीन वर्षांचा, पण पगार किमान आणि त्यातली हमी फारच थोडी. पहिल्या फेरीतल्या मुलाला कोट्यवधी डॉलर्सची हमी असते. याला ज्या दिवशी काढतील त्या दिवशी हिशेब मिटला. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूची असते. सातव्या फेरीत निवडलेल्या मुलाला निवडेल त्या संघात जावं लागतं, यादीबाहेरच्याला दोन-तीन संघांनी विचारलं तर निवड त्याची असते. म्हणून पुष्कळ एजंट सांगतात, की सातव्या फेरीत शेवटी नाव येण्यापेक्षा न आलेलं बरं.

माझा एक विद्यार्थी असा होता. बचावफळीत मागे खेळायचा आणि वर्गातही मागेच बसायचा. आई रुग्णालयात रात्रपाळीची परिचारिका. ड्राफ्टच्या आदल्या आठवड्यात तो माझ्या खोलीत एक कागद घेऊन आला. कोणत्या संघात त्याच्या जागेवर किती जण आहेत, त्यांची वयं काय, करार कधी संपतात, असा तक्ता त्याने केला होता. ‘प्रोफेसर, हा माझा शेवटचा गृहपाठ,’ म्हणाला. आम्ही तासभर बसलो. मी त्याला संख्या जशा होत्या तशा सांगितल्या. शक्यता फार कमी होती, आणि ती सर्वांत जास्त कुठे होती तेही त्या तक्त्यातून दिसत होतं.

शक्यता कमी का, हे हिशेबाने कळतं. शिबिरासाठी प्रत्येक संघ साधारण ९० खेळाडू ठेवतो. हंगाम सुरू होताना त्यांतले ५३ उरायचे. ३२ संघांचा गुणाकार करा: ऑगस्टच्या शेवटी अकराशेहून अधिक तरुणांची जागा जाते. त्यांतल्या काहींना दुसऱ्या दिवशीपर्यंत दुसरा संघ उचलतो, काहींना १६ जणांच्या सराव पथकात घेतात. बाकीचे घरी जातात.

शिबिरातली वागणूकही सारखी नसते, आणि यात कुणाचा दुष्टपणा नाही. ज्याच्यावर मोठी रक्कम लावली आहे त्याला सरावात जास्त वेळ मिळणारच. यादीबाहेरच्या मुलाच्या वाट्याला दिवसात मोजके डाव येतात. त्याची खरी परीक्षा किकच्या वेळी होते. चेंडू दूर लाथाडला की पूर्ण वेगाने धावत जाऊन समोरच्याला अडवायचं, हे अंगमेहनतीचं आणि बिननावाचं काम. बहुतेकांना संघात शिरायला हेच दार असतं. सरावसामन्यांत त्याची पाळी येते चौथ्या सत्रात, जेव्हा निम्मे प्रेक्षक गाड्या काढायला निघालेले असतात.

तरी या दारातून माणसं आत आली आहेत. १९५२ साली डिक लेन नावाचा एक तरुण विमानाच्या कारखान्यातली नोकरी करता करता कात्रणांची वही घेऊन लॉस एंजलिसच्या रॅम्स संघाच्या कचेरीत शिरला. तेव्हा ड्राफ्टच्या तीस फेऱ्या होत असत, आणि तीस फेऱ्यांत कुणालाही तो दिसला नव्हता. पहिल्याच हंगामात, १२ सामन्यांत, त्याने प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास हवेतच पकडले. एका हंगामातला तो विक्रम आजही उभा आहे. १९७८ मध्ये वॉरन मून हा क्वार्टरबॅक कोणीही निवडला नाही. क्वार्टरबॅकच्या जागी काळा खेळाडू ही कल्पनाच तेव्हा अनेक संघांना मानवत नव्हती. तो कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाबरोबर लागोपाठ पाच वर्षं ग्रे कप जिंकला, १९८४ मध्ये परत आला आणि २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

कर्ट वॉर्नरची गोष्ट तर सगळ्यांना पाठ आहे. १९९४ मध्ये ड्राफ्टबाहेर राहिला, ग्रीन बेच्या शिबिरातून काढला गेला, आणि आयोवातल्या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्या भरू लागला. पुढे १९९९ च्या हंगामात रॅम्सचा क्वार्टरबॅक म्हणून लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि सुपर बोलही जिंकला. शाळाकॉलेजांतल्या भाषणांत ही गोष्ट सांगताना दोन तपशील गाळले जातात. त्याच वर्षी क्लीव्हलँडचा नवा संघ उभा राहत होता, तेव्हा रॅम्सनी ‘हवा तर घ्या’ म्हणून सोडलेल्या नावांत वॉर्नरचं नाव होतं. क्लीव्हलँडने घेतलं नाही. आणि त्याला पहिली जागा मिळाली ती ट्रेंट ग्रीनचा गुडघा सरावसामन्यात दुखावला म्हणून. तो गुडघा शाबूत राहता, तर वॉर्नरची मेहनत एक कणही कमी झाली नसती. फक्त आपल्याला ती कळली नसती.

म्हणून जिंकलेल्यांच्या गोष्टींवरून शक्यता मोजू नये, असं मी वर्गात सांगत असे. ‘प्रयत्नांती परमेश्वर’ म्हणणं सोपं आहे. प्रयत्नांती बहुतेकांना परतीचं तिकीट मिळतं. मग त्या अकराशेंनी प्रयत्न केला तो वाया गेला का? हा प्रश्न मी कधी कुणाला विचारला नव्हता. तो मला विचारला गेला.

माझा तो विद्यार्थी शिबिरात शेवटच्या दिवसापर्यंत टिकला. सप्टेंबरात उरलेले दोन विषय पुरे करायला परत आला, तेव्हा खोलीत येऊन बसला. त्या सकाळी नाश्त्याच्या वेळी कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणालं होतं, ‘कोच बोलावताहेत, टॅब्लेट घेऊन ये.’ संघाचे सगळे डाव त्या टॅब्लेटमध्ये असतात. तो मागितला की पुढचं काही सांगावं लागत नाही. कोचने दोन मिनिटं दिली. त्या दोन मिनिटांत शेवटच्या सामन्यातली एक किक त्याने नेमकी आठवून सांगितली. तू डावीकडून वळसा घेतलास ते बरोबर होतं, अर्धं पाऊल उशीर झाला, आणि आमच्याकडे ते अर्धं पाऊल असलेले दोघे आहेत. एवढंच.

मग त्याने मला विचारलं, ‘शक्यता एवढी कमी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. जाऊ नकोस असं का नाही म्हणालात?’

मी म्हणालो, ‘शक्यता सांगणं माझं काम होतं. किंमत द्यायची की नाही हे तुझं.’

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘एप्रिलमध्ये मला कुणी पाहिलंच नाही असं वाटत होतं. ऑगस्टमध्ये पाहिलं आणि नको म्हणाले. दुसऱ्याचा त्रास जास्त झाला, पण झोप लागते.’

संख्याशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात हा फरक इतका नेमका मांडलेला मी वाचलेला नाही. कोणतीही यादी संस्थेच्या सोयीसाठी असते. सगळ्यांना तपासायला कुणाकडेच वेळ नसतो, म्हणून कुठेतरी रेषा ओढावी लागते. २५७ व्या आणि २५८ व्या मुलात मोजता येईल असा फरक नसतो. २०२२ च्या ड्राफ्टमधलं शेवटचं, २६२ वं नाव ब्रॉक पर्डीचं होतं, आणि दोन वर्षांच्या आत तो सुपर बोलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचा क्वार्टरबॅक होता. रेषेला दोष नाही. रेषेच्या शेजारी एक दार उघडं ठेवलं आहे का, एवढंच पाहायचं. संघ ते ठेवतात ते दयेपोटी नाही. त्यांत त्यांचाच फायदा असतो. दरवर्षी हंगाम सुरू होताना ड्राफ्टबाहेरून आलेले शेकडो खेळाडू संघांत असतात.

त्या सप्टेंबरनंतर आमच्या विभागात डॉक्टरेटच्या प्रवेशाच्या वेळी मी एक आग्रह धरू लागलो: रेषेखालच्या दहा फायली पुन्हा पूर्ण वाचायच्या. बहुतेक वेळा रेषा बरोबरच निघायची. कधीमधी निघायची नाही. सहकारी कुरकुरत, पण वाचत.

आपल्या समाजात आता दुसऱ्या पिढीची मुलं मोठी झाली, तिसरी पिढी कॉलेजात आहे. मंडळात भेट झाली की पहिला प्रश्न ‘कुठे मिळाली ॲडमिशन?’ हाच असतो. ज्यांचं नाव एखाद्या यादीत लागलं नाही अशी मुलं अशा वेळी खाण्याच्या टेबलापाशी बराच वेळ रेंगाळतात. त्यांना वॉर्नरची गोष्ट सांगू नये, असं मला वाटतं. ती त्यांनी ऐकलेली असते. त्यापेक्षा ती सध्या काय करताहेत ते विचारावं आणि उत्तर पुरतं ऐकावं.

माझा तो विद्यार्थी आज एका हायस्कुलात गणित शिकवतो आणि फुटबॉलचा कोच आहे. पहिल्या संघात कोण, दुसऱ्यात कोण, हे त्याला दर ऑगस्टमध्ये ठरवावं लागतं. यादी तो दारावर लावत नाही. प्रत्येक मुलाला बोलावतो, दोन मिनिटं देतो, आणि सरावातला त्याचा एक तरी डाव आठवून सांगतो. त्यासाठी रोज संध्याकाळी वही भरावी लागते, अशी त्याची तक्रार असते. गेल्या वर्षी शंभरच्या वर मुलं होती.