तुळईइतका खण

गेल्या वर्षी कन्येकडे इंग्लंडात मुक्कामाला असताना शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांच्या मोटारघरात, जुन्या चादरीवर जुळ्या अर्भकांसारखे शेजारी शेजारी निजवलेले दोन लोखंडी दांडे माझ्या दृष्टीस पडले. आणि ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सायकलच्या चेनीपलीकडे कोणत्याही यंत्राला हात लावला नाही, त्याचे, म्हणजे माझे, पाय तेथेच थबकले.

हे गृहस्थ स्वहस्ते मोटार बांधीत होते. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली जी उघडी, दोन आसनांची, चार चाकांवर बसवलेल्या पाटासारखी दिसणारी ‘लोटस सेव्हन’ काढली, तिच्या धर्तीवर लोखंडी नळ्या जोडून सांगाडा घरी करणारे हौशी लोक त्या देशात पुष्कळ आहेत. परंतु ब्रेक, डिफरन्शियल आणि चाकांना गती पोहोचवणारे ड्राइव्हशाफ्ट यांचे कारखाने कोणाच्या परसात नसतात, म्हणून ते एखाद्या जुन्या मोटारीच्या अंगावरून उतरवून घ्यावे लागतात. त्या मोटारीला ते ‘डोनर’ म्हणतात, म्हणजे दाता. हा शब्द मला खटकला. दधीचींनी अस्थी दिल्या त्या देवांनी विनवल्यावर आणि राजीखुशीने. येथे दान मरणोत्तर, तेही भंगारवाल्याच्या पावतीवर.

दाता निवडणे हे स्थळ पाहण्याइतकेच जिकिरीचे असते. रॉन चॅम्पियन यांनी १९९६ साली अडीचशे पौंडांत अशी मोटार बांधण्याचे पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांची भिस्त जुन्या फोर्ड एस्कॉर्टवर होती, जिचा मागचा आस एकसंध असे. पुढे एस्कॉर्टला शर्यतवाल्यांनी सोन्याचा भाव आणला, तेव्हा लोक मागची चाके स्वतंत्र असलेल्या सिएराकडे वळले. १९९३ साली सिएराची जागा पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या माँडेओने घेतली आणि तीही वाट आटत गेली. तेव्हापासून अनेकांची दृष्टी १९८९ साली निघालेल्या माझदा एमएक्स-५ वर स्थिरावली. चादरीवरचे दांडे तिचेच होते.

गृहस्थांनी एका दांड्याच्या टोकाच्या सांध्यावरची चुणीदार रबरी टोपी मागे सारली, काळेभोर ग्रीस चिंधीने निपटले आणि आतल्या सहा गोळ्या दाखवल्या. रॉबर्ट हूक यांच्या नावाचा जुना सांधा वाकून फिरू लागला, की एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो नि दोनदा मागे रेंगाळतो. या सहा गोळ्या मात्र खोबणीतून सरकत तो लहरीपणा नाहीसा करतात. त्यांनी एका खोबणीवरून अंगठ्याचे नख फिरवले, मग माझेही फिरवायला लावले. डोळ्यांना न दिसणारा एक खड्डा नखाला लागला. तो सांधा नापास झाला.

ब्रेकांविषयी मात्र त्यांचे मन द्विधा होते. एमएक्स-५ च्या सोळाशे सीसीच्या गाडीला पुढे २३५ मिलिमीटरच्या तबकड्या, अठराशेच्या गाडीला २५५ च्या. आणि मोठ्याचा मोह कोणाला नसतो? परंतु मूळ मोटार साडेनऊशे किलोंच्या आसपास, ही जेमतेम सहाशेची. हिला लहान तबकड्याच पुष्कळ झाल्या, असे माझे अडाण्याचे मत मी दिले आणि ते मान्य झाल्याचा मला अजून अभिमान आहे. पावलाचा जोर वाढवणारा सर्व्होही त्यांनी काढून टाकला. पुढच्या-मागच्या ब्रेकांच्या तोलाबाबत मात्र तडजोड नव्हती. मागची चाके पुढच्यांच्या आधी जखडली तर मोटार शेपटीकडून गरकन फिरते. म्हणून एकेका मोटारीला मंजुरी देणारा सरकारी परीक्षक एवढ्या बाबीवर अडून बसतो.

मग दांड्यांच्या लांबीचा प्रश्न निघाला. सांगाडा अरुंद, दांडे लांब. आणि मध्ये कापून सांधलेल्या दांड्यावर भरवसा कोण ठेवणार? अखेर गृहस्थांनी दांडे शाबूत ठेवून मोटारच रुंद केली, आणि मला एकाएकी आमच्या वाईकडच्या घराचा सुतार आठवला.

वडिलांनी घर बांधायला काढले त्या साली कृष्णाकाठचा एक वाडा भाऊबंदकीच्या वाटणीत पाडला गेला आणि त्याचे लाकूड लिलावात निघाले. अकरा सागवानी तुळया आणि गणेशपट्टीची एक चौकट वडिलांनी बैलगाड्यांतून आणली. नकाशा त्यांनी स्वतः काढला होता, त्यावर रीतसर मंजुरीचा शिक्का होता, आणि त्यात माजघर बारा फूट रुंद होते. तुळई भरली साडेदहा फूट, त्यातली वीत-वीत दोन्ही भिंतींत जायची. सुताराने कानावरची पेन्सिल काढली, नकाशाची शांतपणे सुरळी केली आणि ती वडिलांच्या हाती देत म्हणाला, “अण्णा, खण तुळईइतकाच असतो.” माजघर अरुंद झाले, आईचे रुखवतातले कपाट त्यात मावेना, ते चाळीस वर्षे ओसरीवर उभे राहिले. चौकट तर अवघी पाच फुटांची. कपाळ न आपटलेला पाहुणा आमच्याकडे झाला नाही, आणि माझ्या लग्नात व्याह्यांच्या फेट्याचा तुरा गणेशपट्टीच्या कोरीव वेलीत असा अडकला, की वाजंत्री थांबवून तो सोडवावा लागला.

ती चौकट अद्याप तेथेच आहे. वाईकडे येणे झाले तर पहिल्या दारात मान लववावी. दुसऱ्याला गरज नाही, ते त्याच सुताराने नव्या लाकडाचे केले आहे.