पोलादावरील अक्षरे

नेपाळच्या डोंगराळ मुलखात कुकरी नाही असे शेतकऱ्याचे घर विरळाच. आपल्याकडे तिचे नाव निघाले, की गुरखा सैनिकाचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. एकदा म्यानाबाहेर आलेली कुकरी रक्ताचा स्पर्श झाल्यावाचून आत जात नाही, असेही कोणी सांगतो. परंतु ही केवळ दंतकथा होय. खेड्यातील कुकरी दिवसातून अनेक वेळा बाहेर येते. ती सरपण फोडते, रानातील वाट मोकळी करते आणि स्वयंपाकघरातही उपयोगी पडते. रणांगणावर तिने कीर्ती मिळवली खरी. तथापि तिचे बहुतेक आयुष्य कष्टातच जाते.

कुकरी घडवणाऱ्या लोहाराला नेपाळात कामी म्हणतात व त्याच्या कामाच्या जागेला आरन. पूर्व नेपाळातील भोजपूर या कामासाठी नावाजलेले आहे. आज पाते बहुधा मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून बनते. पोलादाचा तुकडा कोळशाच्या भट्टीत लाल होतो, ऐरणीवर येतो आणि घणाच्या घावांनी हळूहळू आकार घेतो. वाक किती असावा, पाठ किती जाड ठेवावी, पोट कोठे रुंदावे, हे कामी आपल्या वडिलांच्या शेजारी बसून शिकलेला असतो.

खरी कसोटी लागते ती पात्याला पाणी देताना. तापलेल्या पात्याच्या केवळ धारेवरून कामी किटलीतील पाण्याची बारीक धार फिरवतो. त्यामुळे धार कठीण होते, पाठ मात्र नरम व चिवट राहते. म्हणूनच कुकरी लाकडात खोल शिरते, पण घावाने सहसा मोडत नाही. पाणी देताना हात चुकला, तर पाते तडकते अथवा धार टिकत नाही. पूर्वीची सारी मेहनत अशा वेळी क्षणात वाया जाते.

मूठ म्हशीच्या शिंगाची किंवा लाकडाची असते. तिच्याजवळ धारेच्या बाजूला एक लहानशी खाच ठेवलेली असते. कोणी तिला गाईच्या खुराचे, तर कोणी त्रिशूळाचे चिन्ह मानतो. म्यानाच्या पाठीमागे आणखी दोन छोटी पाती खोचलेली असतात. कर्द बारीकसारीक कापण्यासाठी, आणि बोथट चकमक धार नीट करण्यासाठी व गारगोटीवर ठिणगी पाडण्यासाठी. हे म्यान लाकडाचे असते. त्यावर चामडे चढवण्याचे काम परंपरेने सार्की जातीकडे असे.

जुन्या कुकऱ्यांच्या पाठीवर कधी कधी अक्षरेही आढळतात. नेपाळी सैन्याच्या अनेक कुकऱ्यांवर पलटणीचे नाव व अनुक्रमांक ठोकून उमटवलेले असत. काठमांडूच्या लगन सिलेखान्यात अशा शस्त्रांचा मोठा साठा पडून होता. २००३ साली तो विकला गेला व त्यातील कुकऱ्या देशोदेशींच्या संग्राहकांकडे पोहोचल्या. ते भिंग लावून जी अक्षरे जुळवीत बसतात, ती मराठी मुलालाही वाचता येतील. कारण ती देवनागरीच आहेत.

मात्र त्या अक्षरांत पलटण सापडते, कामी सापडत नाही. १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने कामी व सार्की यांना अस्पृश्यांत गणले. आपल्याकडे खंडेनवमीला होते, तशी नेपाळातही दसैंच्या सणात शस्त्रांची पूजा होते. ज्याच्या हातचे पाणी चालत नसे, त्याच्याच हातची कुकरी देवापुढे मांडली जाई! १९६३ च्या नव्या कायद्याने जातिभेदाची मान्यता काढून घेतली आणि २०११ च्या कायद्यानेही अस्पृश्यता पाळणे हा शिक्षापात्र गुन्हा मानला. परंतु कायदा एका दिवसात बदलतो, मने तितक्या लवकर बदलत नाहीत.

आता काही कामी आपली खूण स्वतःच्या पात्यावर उमटवू लागले आहेत. ती खूण लहानशीच असते. पण पिढ्यानपिढ्या राहून गेलेली एक उणीव तिने भरून निघते. जुन्या पात्यांना मात्र तसे भाग्य लाभले नाही. त्यांवर कारागिराचे नाव शोधू जाता ते मिळणार नाही. मात्र पात्याचा डौलदार वाक, हातात बसणारा तोल आणि अजून न बोथटलेली धार यांवरून त्याची ओळख पटते. वस्तूची खरी पारख करावयाची, तर ती घडवणाऱ्या हातांनाही मान दिला पाहिजे.