बंद पुस्तकाची किल्ली : कॅलिबरची कुळकथा

शिलालेख, ताम्रपट आणि मोडी कागद यांवर या धाग्यांतून पुष्कळ लिहून झाले. आजचा विषय जेमतेम दोन दशकांचा आहे, आणि त्याच्याकडे मी वळलो तो आजीमुळे.

माझे आजोबा पाटण तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी आठवणी लिहिल्या आणि १९९८ साली एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतल्या. पुस्तक काही निघाले नाही. आजोबा गेले, हस्तलिखिताला वाळवी लागली. उरली ती एक फ्लॉपी. काकांनी तिच्यातला मजकूर वेळीच सीडीवर उतरवून ठेवला, एवढेच नशीब. दोन वर्षांपूर्वी आजी म्हणाली, "तुला एवढं जुनं-जुनं वाचता येतं ना? मग ह्यांचं भूकंपाच्या रात्रीचं लिहिलेलं तेवढं काढून दे. मीच वाचीन." ती रात्र म्हणजे ११ डिसेंबर १९६७, पहाटे चारच्या सुमारास कोयना परिसर हादरला ती.

फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि विरामचिन्हांचा नुसता पाचोळा. त्या काळी मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसत. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच. फाँट डोळ्यांपुढे मराठीचा मुखवटा धरून उभा. फाँट हरवला की मुखवटा गळून पडे. शिवाय 'कि' लिहिताना टंकलेखनयंत्राप्रमाणे आधी वेलांटी आणि मग 'क' दाबत; युनिकोडमध्ये आधी 'क' आणि मग वेलांटी. म्हणजे नुसते लिप्यंतर करून भागत नाही, अक्षरांचा क्रमही उलटावा लागतो. तीन आठवडे मी कोष्टके जुळवत बसलो. मोडी वाचनाचे वर्ग केले होते म्हणून कंटाळा आला नाही, इतकेच.

मजकूर हाती आला, पण आजीला तो वाचता यायला हवा होता. छापील अक्षर तिला दिसेनासे झाले आहे. पीडीएफ म्हणजे पानाचे गोठलेले चित्र. मोठे केले की ओळीची टोके पडद्याबाहेर जातात. हवे होते ईपब. २००७ मध्ये प्रमाणित झालेला हा प्रकार मुळात एक साधे गाठोडे आहे : झिप फाइलच्या आत वेबपानांसारखी प्रकरणे, मांडणीचे नियम आणि प्रकरणांच्या क्रमाची यादी. यात मजकूर पाण्यासारखा वाहतो. अक्षर वाढवले की ओळी आपोआप नव्याने पडतात. ते गाठोडे मी ज्या प्रोग्रॅमने बांधले त्याचे नाव कॅलिबर.

२००६ साली सोनी कंपनीने अमेरिकेत पीआरएस-५०० हे वाचनयंत्र विक्रीस आणले. त्याचा ई-इंक पडदा कागदासारखा शांत होता, परंतु त्यात पुस्तके भरण्याचे सॉफ्टवेअर विंडोजपुरतेच होते. कोविद गोयल हा भारतीय विद्यार्थी तेव्हा कॅलटेकमध्ये भौतिकशास्त्राचे उच्च शिक्षण घेत होता आणि लिनक्स वापरत होता. यंत्र विकत घेतले. ते त्याच्या संगणकाशी बोलेना. असल्या वेळी बहुतेक जण यंत्र परत करतात. गोयल यांनी त्याची भाषा शिकायला घेतली.

या उद्योगाची रीत इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परकी वाटू नये. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप सांचीचे छोटे-छोटे लेख समोर ठेवून बसला होता. बहुतेकांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्याने हेरले. स्तूपाच्या कठड्यावर इतके लोक एकच शब्द का कोरतील? ते दान असणार. म्हणून तो शब्द 'दानं'. त्या दोन अक्षरांच्या आधाराने ब्राह्मीचे कुलूप उघडू लागले. संगणकातही असेच : तारेवरून जाणाऱ्या अंकांच्या मालिका न्याहाळायच्या, पुन्हा पुन्हा येणारे तुकडे टिपायचे, कोणत्या कृतीनंतर कोणता तुकडा येतो ते पाहायचे आणि अंदाज बांधून तो ताडून घ्यायचा.

३१ ऑक्टोबर २००६ रोजी या प्रोग्रॅमचा जन्म झाला. नाव होते 'लिबपीआरएस५००'. उच्चारताना जीभ अडखळावी असे. पुढे सोनीच्या खास पुस्तक-प्रकाराची बांधणीही गोयल यांनी इतर हौशी वाचकांच्या मदतीने उलगडली आणि त्यात रूपांतर करणारी अवजारे लिहिली. इतर यंत्रे बाजारात येत गेली तसतसा त्यांचाही समावेश झाला, आणि २००८ मध्ये प्रोग्रॅमचे नाव कॅलिबर ठेवले गेले. या नावाच्या व्युत्पत्ती प्रोग्रॅमच्या संकेतस्थळावर थट्टेच्या सुरात दिल्या आहेत : रूपांतरक आणि ग्रंथालय यांच्या इंग्रजी नावांचा संक्षेप, उच्च दर्जा, सोनीच्या 'लिब्रिए' या पहिल्या ई-इंक यंत्राला मुजरा, आणि शेवटी, 'बायकोने सुचवले'. व्युत्पत्तीवरून भांडणाऱ्या आपल्या मंडळींनी हा चौथा पर्याय मनावर घ्यावा.

त्याच सुमारास बाजार वेगळ्या दिशेने चालला होता. नोव्हेंबर २००७ मध्ये किंडल आले. जुलै २००९ मध्ये अॅमेझॉनने जॉर्ज ऑरवेलच्या '१९८४' आणि 'अॅनिमल फार्म' यांच्या काही प्रती ग्राहकांच्या यंत्रांतून दूरवरूनच पुसून टाकल्या. ज्याने त्या विकायला ठेवल्या त्याच्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत मिळाले, पुढे जाहीर माफीही मागितली गेली. तरी विकत घेतलेले पुस्तक दुकानदाराला रात्रीतून कपाटातून काढून नेता येते, हे वाचकांना त्या दिवशी कळले. कॅलिबरचे महत्त्व मला इथे दिसते. ते पुस्तके तुमच्या संगणकावर, साध्या फोल्डरांत, लेखकांच्या नावांनी लावून ठेवते. विक्रेत्याने घातलेले कुलूप मात्र ते स्वतः तोडत नाही. ती मर्यादा त्याने पाळलेली आहे.

गोयल यांचे मी भक्तिभावाने चरित्र लिहीत नाही. गृहस्थ हट्टी आहेत. पायथन २ ही भाषा निवृत्त होणार असे ठरले, तेव्हा कोणी आठवण करून दिल्यावर 'ती मी एकटाही सांभाळीन' अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले होते. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२० मध्ये कॅलिबरची पाचवी आवृत्ती पायथन ३ वर आली. एवढ्या वाचकांचे ग्रंथागार मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीवर तोलून धरलेले असावे, याची मला धास्तीही वाटते. दिलासा इतकाच, की प्रोग्रॅमची मूळ संहिता मुक्त परवान्याखाली आहे. उद्या कोणीही ती पुढे नेऊ शकेल.

आजीकडे वळतो. ईपब तयार झाले, वाचनयंत्रात घातले, आणि जोडाक्षरे फुटली. 'प्रार्थना'तला रफार निखळून बाजूला पडला, वेलांट्या भलत्या अक्षरांना चिकटल्या. यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नव्हती. तेव्हा त्यावर 'केओरीडर' हा स्वयंसेवकांनी वाढवलेला मुक्त वाचक बसवला. अक्षरजुळणीसाठी तो 'हार्फबझ' नावाच्या संग्रहाचा आधार घेतो. हे नाव फारसी आहे : हर्फ म्हणजे अक्षर, बाज म्हणजे खुले. जुन्या मराठी कागदांतला 'हरफ' तो हाच. पडद्यावर रफार आपल्या जागी जाऊन बसला.

आजीने अक्षर इतके मोठे केले की पानावर सहा-सात ओळी मावत. भूकंपाचे प्रकरण तिने दोन दुपारी वाचले. मग मला हाक मारली. "हे चुकलंय. कंदील ह्यांच्या हातात नव्हता. कंदील मी घेतला होता. हे तुझ्या बापाला उचलून पुढे पळाले."

मूळ संहितेला हात लावायचा नाही, हे आपण इतिहासाच्या अभ्यासात शिकतो. कॅलिबरच्या संपादकात फाइल उघडून मी त्या वाक्याला तळटीप जोडली आणि पुस्तक पुन्हा यंत्रात घातले. आजीने टीप वाचली, अक्षर आणखी एक पायरी मोठे केले आणि म्हणाली, "खाली माझं नाव घाल."