चवळीचे कोसाई, बाजरीचा कोको

मागच्या पोस्टखाली बऱ्याच जणांनी चवळीला काय भाव मिळाला म्हणून विचारलंय. भावाचं बोलण्यासारखं काही नाही. म्हणून आज चवळी खायचं सांगतो.

शेतीत परत यायच्या आधी मी ४ वर्षं नायजेरियात, कानोला एका कारखान्यात होतो. हा त्या देशाचा उत्तर भाग, हौसा लोकांचा मुलूख. ज्वारी, बाजरी, भुईमूग, चवळी हीच पिकं. पहिल्यांदा शहराबाहेर गेलो तेव्हा जत तालुक्यात आल्यासारखं वाटलं. चवळी पिकवण्यात नायजेरियाचा जगात पहिला नंबर आहे, आणि ती लोकं नुसती पिकवत नाहीत, सकाळी उठल्या उठल्या खातात.

तिथली न्याहारी म्हणजे कोसाई आणि कोको. कोको म्हणजे चॉकलेटचा नव्हे बरं का, बाजरीची आंबवलेली पेज. कोसाई म्हणजे चवळीचे वडे. खाली लागोसकडं याच वड्यांना अकारा म्हणतात, आणि पेज बहुतेक मक्याची असते, तिचं नाव ओगी. तिकडं पावात अकारा घालूनही खातात. वडापावच की तो.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई चूल मांडायची. सगळे तिला 'मामा' म्हणायचे. तिकडं मामा म्हणजे आई, त्यामुळं मला हाक मारायला लई दिवस अवघड गेलं. डिसेंबरात सहाराकडून धुळीचा वारा सुटतो, समोरचं घर पुसट दिसतं, तरी उजाडायच्या आत तिची कढई तापलेली असायची. तिची भाषा हौसा, माझी मोडकी इंग्रजी. विचारून कमी आणि बघून जास्त शिकलो.

परवा रविवारी घरी केलं. त्याला कारण अण्णा. आई गेल्यापासून ते सकाळी नुसत्या चहावर असतात. दात नाहीत, भाकरी दुधात कुस्करून दिली तरी दोन घास. पोहे, उपमा समोर ठेवला की ताट सरकवतात. सात महिन्यांत अंगावरचा सदरा ढगळ झाला. म्हणलं, बघू तरी.

ज्यांच्या घरी कुरडया होतात त्यांना कोको शिकवायला नको. गव्हाच्या चिकाचीच रीत. बाजरी दीड दिवस भिजवली, आलं, लवंग, थोडी मिरची घालून वाटली, पातळ फडक्यातून गाळली. चोथा गाईला. गाळलेलं रात्रभर ठेवलं. सकाळी खाली साका बसतो आणि वरची निवळ आंबूस लागते. ती निवळ उकळायची आणि साक्यावर एका धारेनं ओतत पळीनं हलवत राहायचं. पाणी चांगलं खळखळतं पाहिजे, नाहीतर पीठ कच्चं राहतं.

कोसाईचं खरं काम सालांचं. बायकोनं आधीच सांगितलं, "सालं तुम्ही काढणार असाल तर पुढचं मी बघते." चवळी अर्धा तासच भिजवायची, साल सुटतं पण दाणा टणक राहतो. मग दोन्ही हातांनी चोळायची, पाणी घालायचं, सालं तरंगली की ओतून द्यायची, परत चोळायची. अर्ध्या किलोला माझा पाऊण तास गेला. मामा हे रोज करायची, तेही अंधारात. डाळ परत दोन तास भिजवून कांदा, मिरची घालून, होईल तितक्या कमी पाण्यात वाटायची. नंतर फेटायचं, हात भरून येईपर्यंत. पीठ पांढरं पडतं, हलकं होतं, थेंब पाण्यात टाकला तर तरंगतो. सोडा नाही, बेसन नाही. मीठ अगदी शेवटी, आधी घातलं की पीठ बसतं असं मामाचं म्हणणं. तळायचं शेंगदाणा तेलात. कानो भुईमुगाचंच गाव, एकेकाळी तिथं शेंगांच्या पोत्यांचे पिरॅमिड रचलेले असायचे.

बायकोला जिरं आणि कोथिंबीर घालायची होती. पहिला घाणा मी तसाच काढायला लावला, दुसरा तिच्या मनासारखा. खरं सांगायचं तर पोरांनी तिचा आधी संपवला.

अण्णांना वाटीत कोको दिला, गूळ घालून, कारण तिकडं गोडच पितात. एक घोट घेतला आणि म्हणाले, "आंबीलच की रं ही. हिच्यात गूळ कुणी घातला?" आई आंबिलीत ताक, मीठ, लसूण घालायची. दुसरी वाटी तशी केली. ती संपली. मग गुळाची पण संपली, कोसाईचा मऊ गर बुडवून बुडवून. आम्ही कुणी काही बोललो नाही, बायको तेवढी परत चुलीकडं गेली.

चवळी, ज्वारी, बाजरी तिन्ही मूळच्या आफ्रिकेच्या, हजारो वर्षांपूर्वी इकडं आल्या. तिकडं राहिलेल्यांचे कोसाई झाले, आपल्याकडं उसळ.

आता रोज सकाळी अण्णा विचारतात, साका राहिलाय का. त्यामुळं चवळीचं एक पोतं व्यापाऱ्याला द्यायचं ठरलेलं, ते थांबवलंय. प्रश्न भुंग्याचा. नायजेरियात शेतकरी चवळी तीन थरांत ठेवतात, आत दोन जाड प्लास्टिकच्या पिशव्या, बाहेर पोतं, प्रत्येकीचं तोंड वेगळं घट्ट बांधायचं. हवा आत जात नाही, आतला प्राणवायू संपतो आणि भुंगा वाढत नाही. दाणा मात्र कडकडीत वाळलेला पाहिजे. तसंच बांधून माळ्यावर ठेवलंय. मार्चमध्ये उघडतो, जे निघेल त्याचा फोटो टाकतो.