आधी पाणी, मग फायबर

एवढ्याशा टवक्यातून पाणी येतंच कुठून, हे मला कळेना. गोव्यात नोकरीला असताना विंडसर्फिंगचा नाद लागला, तिथेच एक जुना बोर्ड घेतला आणि मे महिन्यात तो गावी, तलवाड्याला आणला. नाकाजवळ टवका उडालेला. अंगठ्याने दाबलं की कडेने ओल यायची, जिभेला लावून पाहिली तर खारट. समुद्र मागे राहिला, पण त्याचं पाणी गेवराई तालुक्यापर्यंत आलं होतं.

या बोर्डाचा गाभा थर्माकोलचा. त्यावर काचतंतूंचं कापड आणि इपॉक्सी रेझिनचं पातळ कवच. कवच फुटलं की थर्माकोलच्या दाण्यांमधून पाणी आत सरकतं, वजन वाढतं, कवच गाभ्यापासून सुटायला लागतं.

घरी आमचे नाना म्हणाले, "एम-सील लाव अन् मोकळा हो. पण ही फळी घेऊन करायचं काय?" मी सांगितलं, हा खेळ 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत आपल्या इबाद अलीने यात कांस्यपदक मिळवलं. नाना म्हणाले, "मग घाई नको. नीट कर."

नीट म्हणजे कसं, हेच ठाऊक नव्हतं. फायबरचे दरवाजे करणाऱ्या एका कारागिराला विचारलं. "भाऊ, आमचं रेझिन याला चालायचं नाही," असं म्हणून त्यांनी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा घेतला आणि त्यावर आपलं रेझिन ओतलं. पांढऱ्या तुकड्यात बघता बघता खळगा पडला, कडा आत ओढल्या गेल्या. त्यांचं रेझिन पॉलिएस्टरचं, त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. इपॉक्सी तसं करत नाही. हे पाहिलं नसतं तर माझा बोर्ड आतून पोकळ व्हायला वेळ लागला नसता.

आधी वाळवणं. सुटलेलं कवच कापून टवका मोकळा केला, मीठ जावं म्हणून गोड्या पाण्याने धुतला आणि बोर्ड टवका खाली करून ओसरीत उभा केला. मेमधली आमची कोरडी हवा इथे कामी आली. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हेच काम रेंगाळतं. उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली मात्र ठेवायचा नाही. आतली हवा फुगते, थर्माकोल मऊ पडतो. फुगलेल्या हवेला वाट मिळावी म्हणूनच बोर्डाला हवेचा छोटा स्क्रू असतो, तो सैल करून ठेवला. पण वाळला हे ओळखायचं कसं? कापूस मोजायच्या लटकत्या काट्याला दोरीने बांधून बोर्ड पुन्हा पुन्हा तोलत गेलो. वजन उतरायचं थांबलं, तेव्हा आतलं पाणी गेलं असं धरलं.

पुढचं काम संध्याकाळी. तापमान चढत असताना गाभ्यातली हवा बाहेर येते आणि ओल्या रेझिनमध्ये बुडबुडे उठतात. उतरत असताना ती आत खेचली जाते. टवक्याभोवतीचा रंग पॉलिश पेपरने घासून उतरवला. इपॉक्सी आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात, थोडंथोडंच कालवलं. आमच्या उकाड्यात जास्त कालवलं तर वाटीतच तापून घट्ट होतं. खळग्यात बारीक पोकळ काचगोळ्यांची पूड मिसळलेलं इपॉक्सी भरलं. त्यावर काचकापडाचे दोन तुकडे, एक लहान, एक मोठा, कापड पारदर्शक होईपर्यंत रेझिनमध्ये भिजवले. पूर्ण कडक झाल्यावर घासलं, तेव्हा तोंडाला मास्क आणि हातात मोजे होते, कारण काचेची धूळ फुफ्फुसाला आणि कातडीला वाईट. हात फिरवल्यावर जोड बोटाला लागेना, तेव्हा रंग दिला.

हे सगळं करताना एक गोष्ट पक्की कळली: भरण्याचं काम थोडं, वाळवण्याचं मोठं. म्हणून आता गोव्याला जाताना सामानात चिकटपट्टी असेल. पाण्यात बोर्डाचा टवका उडाला, की लगेच बाहेर यायचं, जागा पुसायची, पट्टी लावायची. पाणी आत गेलंच नाही, तर निम्मी दुरुस्ती तिथेच झाली.