काय केलंस आणि काय काय केलंस

मी पडलो कॉन्व्हेंटवाला! त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी संपादक मंडळावर टाकतो आणि ज्यातलं मला थोडंफार कळतं त्यावरच लिहितो : चालू न होणारी गाडी.

अशा गाड्या दोन प्रकारच्या. एक, रस्त्यात आपणहून बंद पडलेली. दुसरी, रविवारी घरच्या घरी 'सर्व्हिसिंग' केल्यावर सोमवारी चालू होईना ती. दुसरी खरं तर सोपी. कारण घोळ बहुतेक वेळा काल जिथे पाना लागला तिथेच असतो.

पेट्रोल इंजिनाच्या मागण्या हॉस्टेलच्या पोरांपेक्षा कमी. हवा-पेट्रोलचं मिश्रण, सिलिंडरमध्ये दाब आणि वेळेवर ठिणगी. यातलं एक नसलं तरी गाडी ढिम्म. म्हणून आधी फुकटात होणारी तपासणी करायची : पेट्रोलचा कॉक उघडा आहे ना? किल स्विच बंद तर नाही? मग प्लग काढून बघायचा. खूप किक मारूनही कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर ठिणगीवर संशय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं, पण इंजिनाच्या मागण्या त्याच राहिल्या.

आमची मेस वारज्यात, माळवाडीला. मेसवाल्या काकांकडे जुनी, कार्बोरेटरवाली स्प्लेंडर आहे. ९७.२ सीसीच्या त्या इंजिनावर रोज दुपारी कर्वेनगरपर्यंत चाळीस डबे जातात. गेल्या पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं आणि गाडी मिसिंग करायला लागली. गॅरेजचे पैसे वाचावेत म्हणून काकांच्या बारावीतल्या मुलाने रविवारी एकट्याने काम काढलं. सोमवारी साडेअकराला डबे भरून तयार, आणि गाडी काही चालू होईना!

काका भडकले. "नसते उद्योग कुणी सांगितले होते? काय केलंस?"

पोरगा पुटपुटला, "काही नाही, फक्त प्लग बदलला."

मग 'इंजिनीअर साहेबां'ना, म्हणजे मला, बोलावणं आलं. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल केला, पेट्रोल आलं. प्लगही ओला निघाला. स्क्रू घट्ट केला, सांडलेलं पेट्रोल नीट पुसून घेतलं. मग प्लग कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवला आणि किक मारली. ठिणगी नाही. जुना प्लग लावला, तरी नाही. म्हणजे करंट हरवला होता. पण कुठे? वायरिंग गाडीभर पसरलेलं, आणि पोरगा म्हणतोय फक्त प्लग बदलला.

शेवटी हायवेच्या पुलापलीकडच्या गॅरेजवाल्या दादांना बोलावलं. त्यांनी पाना हातातच घेतला नाही. काकांना म्हणाले, "तुम्ही जरा आत जाऊन चहाचं बघा." मग पोराशेजारी उकिडवे बसले. "बाळा, काय काय केलंस ते आठवेल तसं सांग. शिकताना मी पण लई गाड्या बंद पाडल्यात."

दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं. टाकी काढून धुतली होती, कार्बोरेटर साफ केला होता. आणि टाकीखालची एक हिरवी वायर मध्ये येत होती म्हणून काढून ठेवली होती. टाकी उचलून बघितलं, तर ती वायर इग्निशन कॉइलशेजारी लोंबकळत होती! या गाड्यांत हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. कॉइलपर्यंत करंट जात होता, पण त्याला परतीची वाटच नव्हती. वायर बसवली, दुसऱ्या किकला गाडी चालू. डबे पाऊण तास उशिरा का होईना, गेले.

मला त्या दिवशी मराठीची गंमत कळली. काकांनी विचारलं "काय केलंस?" आणि दादांनी विचारलं "काय काय केलंस?" फरक फक्त एका 'काय'चा. पण पहिल्या प्रश्नाला माणूस बचाव करतो, दुसऱ्याला माहिती देतो. काकांचं रागावणंही खोटं नव्हतं, चाळीस पोरं जेवायची थांबली होती. पण त्या रागामुळेच हिरवी वायर तासभर लपून राहिली.

आपल्या लॅबमध्ये तरी वेगळं काय होतं? रीडिंग जुळलं नाही की पोरं आधी खोडरबर शोधतात. व्हायव्हात कुणी "सर, मी इथे कनेक्शन बदललं होतं" असं आपणहून सांगत नाही. मग दोष सापडणार कसा?

तेव्हा गाडी खोलणाऱ्यांनो, आधी मोबाईलवर फोटो काढा आणि नटबोल्ट काढले त्या क्रमाने ताटलीत मांडा. आणि सर, मॅडम, रूममेट्स, पुढच्या वेळी कुणाचं सर्किट चाललं नाही तर एक 'काय' जास्त विचारा. खर्च शून्य!