खोडलेला कोपरा

माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर एका वयस्क गृहस्थांचं पेन्सिलचित्र आहे. डोक्याला घट्ट बांधलेलं पागोटं, खांद्यावर उपरणं, नजर खाली. चित्रावर सही नाही. उजवीकडचा खालचा कोपरा मात्र बाकीच्या कागदापेक्षा पांढरा दिसतो. ते काम माझ्या हातचं. त्या चित्रामुळे मला सर भेटले आणि त्यांच्याबद्दल लिहायचं फार दिवस मनात होतं.

२००६ साली, नोकरीसाठी बेंगळुरूला आल्यावर दोन वर्षांनी, अ‍ॅव्हेन्यू रोडजवळच्या रविवारच्या जुन्या बाजारात हे चित्र मला दिसलं. पितळी कुलपं आणि मोडक्या रेडिओंच्या ढिगात पडलं होतं. दीडशे रुपयांना घेतलं. चित्रकलेशी माझा संबंध म्हणजे शाळेत दिलेली एलिमेंटरीची परीक्षा, बस. पण कस्तुरबा रोडवरचं वेंकटप्पा कलादालन नुकतंच पाहून आलो होतो, आणि मी ठरवून टाकलं की हे के. वेंकटप्पांचंच. कलकत्त्याला अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकलेले, म्हैसूर संस्थानातले, १९६५ साली वारलेले. एवढी माहिती मला पुरावा म्हणून पुरली. ऑफिसात सांगितलं, घरी फोन करून सांगितलं. किंमत किती येईल याचा हिशेबही मनात मांडला.

विकायचं तर चित्र स्वच्छ हवं, म्हणून एका रात्री रबर घेऊन बसलो. कोपऱ्यात पुसट पेन्सिलीच्या काही वेड्यावाकड्या रेघोट्या होत्या. त्या खोडल्या आणि रबराचा चुरा फुंकरीनं उडवला.

फ्रेम करणाऱ्यानं चित्र हातात घेतलं आणि म्हणाला, आधी मल्लेश्वरमच्या सरांना दाखवा. सर मूळचे बेळगावचे, चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांचं नाव निघालं की कानाच्या पाळीला हात लावायचे.

त्यांनी चित्र पाहिलं, पण कोणाचं आहे याबद्दल चकार शब्द काढला नाही. चेहऱ्याकडेही आधी वळले नाहीत. कागद उजेडापुढे धरून जलचिन्ह शोधलं, नव्हतं. मग नोटा तपासायचा निळा दिवा आणून खोलीत अंधार केला. कागद काळपटच राहिला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला सुरुवात झाली ती साधारण १९५०च्या सुमारास, आणि असा कागद या दिव्याखाली निळसर उजळतो. "उजळला असता तर अलीकडचा म्हणालो असतो. नाही उजळला म्हणून जुनाच, असं मात्र समजू नकोस," सर म्हणाले. पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्याकडून जे शिकलो ते हेच: पुरावा बोलेल तेवढंच बोलायचं.

मग त्यांनी तो कोपरा पाहिला. "इथं काय होतं?"

मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. टेबलावरचा दिवा कागदाच्या पातळीला आणून बाजूनं उजेड पाडला. शिसं निघून गेलं तरी पेन्सिलीच्या टोकानं दबलेला कागद दबलेलाच राहतो. त्या तिरप्या उजेडात एक लांब आडवी रेघ दिसली आणि तिला लोंबकळणारी वळणं. "आधी रेघ, मग अक्षर. मोडी आहे रे. मला वाचता येत नाही. तू शीक."

वेंकटप्पांचं नाव मी त्या दिवसापासून घेतलं नाही. सर पुढे मला म्हैसूरला घेऊन गेले, जगनमोहन राजवाड्यात. तिथं चित्रकार हळदणकरांचं 'ग्लो ऑफ होप' आहे; हातात समई, बोटांतून झिरपणारा उजेड. कितीतरी लोक ते रविवर्म्यांचं समजतात. रविवर्मा १९०६ साली गेले, चित्र १९४०च्या दशकातलं. सावंतवाडीच्या या माणसानं आपल्या मुलीला, गीताला, समोर उभं करून ते रंगवलं. "मोठं नाव चिकटलं की खरा माणूस पुसला जातो," सर तिथं हळू आवाजात म्हणाले. मला माझं रबर आठवलं.

मोडी शिकायला मला वर्ष लागलं. इथली काही मराठी घराणी आपलं मूळ शहाजीराजांच्या काळापर्यंत नेतात. १६३८ नंतर बेंगळुरू त्यांच्या जहागिरीत होतं. अशा एका घरातल्या आजींनी जुनी पत्रं वाचायला दिली. मायन्यांवर माझा हात बसला तो त्या पत्रांमुळे. आता सुट्टीच्या दिवशी मी अशा घरांतली कागदपत्रं वाचून देतो. पैसे घेत नाही, घ्यावेसे वाटत नाहीत.

एका संध्याकाळी पुन्हा दिवा आडवा लावून कोपऱ्यापाशी बसलो. पहिला शब्द लागला: तीर्थरूप. पत्रात तीर्थरूप लिहितात ते आईवडिलांना, काका-मामांना तीर्थस्वरूप. म्हणजे हे काढणाऱ्याचे वडील. घरच्या घरी काढलेलं, घरातच राहायचं; सही कशाला करील कोणी? खाली झुकलेल्या नजरेचाही मला तेव्हा वेगळाच अर्थ लागला, पण तो माझा तर्क. शब्दापुढे नाव असणार. तिथं मी जास्त जोरानं घासलं होतं. कागदाचे तंतू वर आले आहेत आणि कुठल्याही उजेडात तिथं काही दिसत नाही.

सर तोवर बेळगावला मुलीकडे राहायला गेले होते. फोनवर सगळं सांगितलं. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "मागच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेव. कुठं घेतलंस, केव्हा, काय वाचलंस. आणि काय खोडलंस तेही लिही."

चित्र उतरवलं आणि पेन्सिलीनंच लिहिलं. शेवटच्या ओळीत लिहिलं की नाव मी पुसलं, अजाणतेपणी, विकण्याच्या घाईत. खाली तारीख घातली आणि सही केली.